आधी पाणी, मग दवाखाना

कुत्र्या-मांजरांच्या उन्हाळ्याविषयी प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा गठ्ठाच आला. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही. चंद्रपूरच्या पत्राला मी मुद्दाम जास्त जागा देते आहे, कारण उरलेल्या निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, आमचा शेरू, लॅब्रेडॉर, वय सहा, वजन ३८ किलो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात संध्याकाळी साडेसहाला ह्यांनी त्याला नेहमीसारखं फिरायला नेलं. ऊन उतरलं होतं. मैदानावर मुलांबरोबर चेंडू खेळला. परत येताना रस्त्यातच बसला तो उठेना. तोंडाला फेस, जीभ लालभडक. आम्ही त्याला घरी आणून ओल्या चादरीत गुंडाळलं, ऑटो मिळवला, दवाखान्यात पोचायला पाऊण तास लागला. तिथे सांगितलं, उशीर झाला. ऊन नव्हतं, मग ऊन लागलं कसं? आमचं काय चुकलं?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही हयगय केली नाहीत, हे आधी सांगते. जे सुचलं ते जीव तोडून केलंत. फक्त जे करायला हवं होतं ते तुम्हाला कोणी आधी सांगितलेलं नव्हतं. तो दोष आम्हा डॉक्टरांचा जास्त आहे.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. येतो तो पंजाच्या गादीला. घाबरलेलं कुत्रं माझ्या स्टीलच्या टेबलावर उभं केलं की चार ओले ठसे उमटतात, तोच त्याचा घाम. तेवढ्याने ३८ किलोचं अंग थंड होत नाही. त्याचा खरा आधार म्हणजे धाप. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतली ओल हवेत उडून जाते आणि जाताना रक्तातली उष्णता घेऊन जाते. माठ पाझरतो म्हणून आतलं पाणी गार राहतं ना, अगदी तसं. कुत्र्याची जीभ हाच त्याचा माठ.

आता शेरूची संध्याकाळ बघा. ऊन उतरलं होतं, पण दिवसभर ४४ डिग्रीत भाजलेलं मैदान आणि डांबर साडेसहाला उतरलेलं नसतं. आपलं डोकं जमिनीपासून पाच फुटांवर, त्याचं पोट दीड फुटावर. त्यात चेंडू. धावताना स्नायू स्वतः उष्णता तयार करतात, आणि बाहेरची हवा तापलेली असली की ती टाकायला जागाच राहत नाही. लॅब्रेडॉर जात अशी की चेंडू दिसला की धाप लागली तरी थांबत नाही. खेळ थांबवायचं काम माणसाचं. शिवाय ३८ किलो हे बहुतेक लॅब्रेडॉरना जास्तच होतं. चरबीचा थर म्हणजे अंगातच घातलेली गोधडी.

उष्माघात म्हटलं की लोकांना बंद मोटारीत कोंडलेलं कुत्रं आठवतं. तेही होतं. पण ब्रिटनमध्ये दवाखान्यांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये जो अभ्यास आला, त्यात दर चारांपैकी जवळजवळ तीन कुत्र्यांना ऊन लागलं होतं ते चालण्या-पळण्याने. ब्रिटनसारख्या थंड देशात ही गत, मग चंद्रपूरचं काय सांगावं! म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी होळीपासूनच सांगते : फिरवणं पहाटे, साडेसहाच्या आत. संध्याकाळी फक्त शी-शूपुरतं खाली न्यायचं, तेही रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघून. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसतो. चेंडू पावसाळा येईपर्यंत कपाटात.

आता ती ओली चादर. सगळेच करतात, माझ्या आईनेही केलं असतं. पहिली एक-दोन मिनिटं चादर गार असते. मग ती अंगाच्या उष्णतेने तापते, वारा आत जात नाही, खाली वाफ कोंडते. जखमेवर मायेने हात ठेवावा आणि जखम चिघळावी, तसं ते होतं. पाणी हवंच, पण उघड्या अंगावर, आणि वर वारा.

कुत्रं धापा टाकत कोसळलं, तोल जातोय, हिरड्या विटेसारख्या लाल झाल्यात, ओकारी येतेय, हाकेला नीट ओ देत नाही, असं दिसलं की तिथल्या तिथे सावलीत घ्या आणि अंगावर पाणी ओतायला लागा. मान, पोट, काखा, जांघा, पाय. नाका-तोंडात जाऊ देऊ नका. पाणी कसलं हा विचार करत बसू नका. त्याच्या अंगापेक्षा गार असलं की झालं. इथे आपल्या विदर्भाची एक अडचण आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं. नळ सोडून हात लावून बघा, गरम असेल तर रांजणातलं घ्या, बोअरचं घ्या, फ्रीजमधल्या बाटल्या ओता. लगेच पंखा किंवा कूलर त्याच्या अंगावर लावा, नाहीतर पुठ्ठ्याने वारा घाला. तरुण, एरवी धडधाकट कुत्रं असेल तर डोकं वर धरून गार पाण्याच्या टबात बसवलं तरी चालतं; म्हातारं किंवा हृदयाचा त्रास असलेलं असेल तर फक्त पाणी आणि वारा. शुद्धीवर असेल तर पाणी पुढे ठेवा, प्यायलं तर पिऊ द्या. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात चमच्याने पाणी घालू नका, ते फुप्फुसात जातं.

धाप हळू व्हायला लागली, तो मान उचलून बघायला लागला, की ओतणं थांबवा आणि निघा. थर्मामीटर असेल तर गुदद्वारात लावून १०३ फॅरनहाइट दिसलं की थांबायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं. १०४ च्या पुढे धोका, १०६ च्या पुढे आतडी, मूत्रपिंड, यकृत, मेंदू सगळ्यांना मार बसायला लागतो. गाडीतही खिडक्या उघड्या किंवा एसी फुल ठेवा, अंग ओलंच असू द्या.

हे मी एवढ्या ठासून का सांगते, तर माझ्या हातून एकदा चूक झाली आहे. २००३ च्या मे महिन्यात वर्ध्याकडच्या एका गावातून दुपारी फोन आला. जर्मन शेफर्ड, शेतात कोसळला होता. मी म्हणाले, "लगेच घेऊन या." त्यांनी माझा शब्द मानला, लगेच निघाले. ५० मिनिटांचा रस्ता. जीपच्या मागच्या बाजूला शेतावरच्या मजुरांसाठी भरलेल्या २० लिटरच्या दोन कॅन होत्या. कुत्रं त्या कॅनला टेकून पडलेलं होतं. कॅन भरलेल्याच माझ्या दारात आल्या, कुत्रं गेलेलं होतं. मी "ओता" म्हटलं असतं तर त्यांनी ओतलं असतं. तेव्हापासून फोनवर मी पहिलं विचारते : जवळ पाणी आहे का?

आणि कुत्रं उठून बसलं, शेपूट हलवली, तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ऊन लागल्याचा खरा दणका कधी कधी एक-दोन दिवसांनी दिसतो. लघवी चहा-कॉफीच्या रंगाची होते, रक्ताची उलटी किंवा जुलाब होतात, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके येतात. रक्त गोठायची यंत्रणा बिघडल्याची ही खूण असते. वेळीच सलाइन आणि औषधं मिळाली तर यातूनही कुत्री वाचतात.

ताई, शेरूच्या बाबतीत पाणी आधी ओतलं असतं तर तो वाचलाच असता, असं मी म्हणणार नाही. त्याला न तपासता तसं म्हणणं खोटं होईल. पण तुमच्या पत्रामुळे "आधी पाणी" हे या पानावर छापून आलं आहे.

प्रश्न : आमचा मोती गावठी आहे, चार वर्षांचा. सासूबाई त्याला घरात येऊ देत नाहीत. तो अंगणात पत्र्याच्या शेडखाली बांधलेला असतो. दुपारी फार कासावीस होतो, जमीन उकरत राहतो. घरात भांडण न करता काय करता येईल?
– एक सूनबाई, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भांडण नकोच. सासूबाईंना मोतीचा राग नसावा, चुलीजवळ कुत्रं नको एवढंच त्यांचं म्हणणं असेल, आणि ते मला पटतं. आपण अंगणातच त्याची सोय करू.

पत्रा ही सावली नव्हे, तवा आहे. दुपारी पत्र्याखाली बाहेरच्यापेक्षा जास्त उकडतं. तुमच्याकडे तुराट्या किंवा पऱ्हाट्या असतीलच. त्यांचा हातभर थर पत्र्यावर टाका, वर जुनं बारदान. शेडची पश्चिमेची बाजू पोत्यांनी बंद करा आणि दुपारी बारा, दोन, चार वाजता त्यांवर तांब्याने पाणी मारा. कूलरही यापेक्षा वेगळं काही करत नाही. बाकीच्या बाजू उघड्या राहू द्या, वारा फिरला पाहिजे.

तो जमीन उकरतो ते खोडी म्हणून नाही. खालची माती गार असते, तिला पोट लावायला तो बघतो. कडुलिंबाखाली किंवा शेडमध्ये कमरेएवढ्या लांबीचा, वीतभर खोल खड्डा करून त्यात वाळू भरा आणि सकाळ-दुपार भिजवा. त्याला तेवढं दिलंत की तुमच्या तुळशीची आळी उकरणार नाही.

साखळीकडे मात्र नीट बघा. सकाळी दहाला सावलीत बांधलेलं कुत्रं दुपारी दोनला उन्हात असतं, कारण सावली सरकते, साखळी सरकत नाही. माझ्याकडे ऊन लागून आलेली गावठी कुत्री जवळजवळ सगळी बांधलेली होती. मोकळ्या गावठी कुत्र्याला आपली जागा शोधता येते. ते बरोबर मोरीच्या किंवा बैलगाडीच्या खाली जाऊन झोपतं. शक्य असेल तर दुपारी बांधूच नका, फाटक लावून मोकळं सोडा. पाणी मातीच्या भांड्यात, ते उलटणार नाही असं जमिनीत थोडं पुरून. जेवण पहाटे आणि रात्री. ताक चालतं, मीठ-मिरची न घातलेलं, वाटीभर.

आणि कूलर अंगणाच्या बाजूला असेल तर मोती त्याच्या टाकीतलं पाणी प्यायला जात नाही ना, तेवढं बघा. लोखंडी कूलरच्या बॉडीत करंट उतरून माणसं मरतात, कुत्रीही. अर्थिंग तपासून घ्या.

प्रश्न : आमच्या हस्कीला अकोल्याचा उन्हाळा सोसवत नाही. ग्रूमिंगवाला म्हणतो, झिरो मशीन मारून टाका, गार वाटेल. मारू का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, अकोला

उत्तर : नको रे बाबा. हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रिव्हर, पॉमेरेनियन, यांच्या अंगावर दोन थर असतात. वरचे राठ केस आणि आत मऊ लोकर. वरचे केस ऊन थेट कातडीवर येऊ देत नाहीत. ते काढलेस तर गोरी कातडी भाजते, आणि पुष्कळदा केस परत नीट येत नाहीत. आधी लोकर येते, वरचे केस महिनोन् महिने विरळ राहतात. काढायची असते ती आतली गळणारी लोकर. रोज १५ मिनिटं अंडरकोटचा दाताळ्यासारखा ब्रश फिरव. मार्च-एप्रिलमध्ये पिशवी भरून लोकर निघेल, तेवढं त्याचं अंग मोकळं होईल. शिह त्झू, ल्हासा यांचे केस वेगळे, ते सतत वाढतात. ते कमी करायला हरकत नाही, पण इंचभर तरी ठेवावेत. कुठल्याही कुत्र्याला झिरो नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते. सायबेरियात बर्फावर स्लेज ओढायला माणसाने घडवलेलं हे कुत्रं आहे. तुझ्याकडे आलंय, तुझा जीव आहे त्याच्यावर, तर मार्च ते जून त्याला दिवसभर एसीची किंवा चांगल्या कूलरची खोली लागेल, वीजबिलासकट. तुझा मित्र "मलाही हस्की आणायचाय" म्हणेल, त्याला हे बिल दाखव.

प्रश्न : आमची पर्शियन मांजरी मिनू. ठाण्यात सध्या तापमान ३४ च्या वर जात नाही, तरी परवा ती कुत्र्यासारखी तोंड उघडून धापा टाकत होती. पाणी तर ती पीतच नाही, दूध देतो. काळजी करण्यासारखं आहे का?
– एक आजी, ठाणे

उत्तर : आजी, हो. कुत्र्याची धाप रोजची, मांजराची नाही. मांजर तोंड उघडून धापा टाकतंय म्हणजे ते अडचणीत आहे : ऊन लागलंय, किंवा छाती-हृदयाचा आजार आहे. गार खोलीत न्या, ओल्या हाताने अंग पुसा, पंखा लावा आणि लगेच दवाखाना. मिनूची धाप तेव्हा थांबली असली तरी एकदा छाती तपासून घ्याच.

आकडा ३४ चा, पण ठाण्याची हवा दमट. दमट दिवसांत तुमचा माठ तरी कुठे पाणी गार करतो? तीच गत जिभेची. मांजर अंग चाटून थुंकीने ओलं करतं आणि ती ओल उडून गार होतं. हवाच ओली असली की ओल उडत नाही. त्यातून मिनूचा चेहरा चपटा, नाकाची वाट अरुंद. दमट दुपारी तिला एसी किंवा निदान फरशीवर पंख्याखालची जागा हवीच. बाथरूमची फरशी मांजरांना फार आवडते. दार उघडं ठेवा, फिनेल मात्र धुऊन काढलेलं असू द्या.

मांजरांचे पूर्वज वाळवंटातले. शिकारीतूनच पाणी मिळवायचं आणि लघवी दाट करायची, अशी त्यांची घडण. म्हणून तहान लागली तरी ती भांड्यापाशी जात नाहीत. सुक्या दाण्यांच्या खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, ओल्या खाण्यात सत्तर-ऐंशी. तेव्हा उन्हाळ्यात दाणे कमी करा, उकडलेलं चिकन किंवा मासा त्याच्या अळणी पाण्यासकट द्या. सुकट, खारवलेले बोंबील नकोत. दूध म्हणजे पाणी नव्हे. मोठ्या मांजरांना बहुधा ते पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं आहे तेही पाणी जातं. पाण्याचे तीन-चार वाडगे, पसरट, मिशा न टेकणारे, खाण्यापासून आणि शीच्या डब्यापासून लांब ठेवा.

घरी बोका असणाऱ्यांसाठीही एक सांगते. बोका मातीच्या डब्यात पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर ती बद्धकोष्ठता समजून एरंडेल पाजत बसू नका. लघवी तुंबलेली असते. एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरला उठवा.

आणि रात्री वाऱ्यासाठी खिडक्या उघड्या टाकता ना? जाळी बसवा. उन्हाळ्यात वरच्या मजल्यांवरून पडलेली मांजरं दर वर्षी येतात.

प्रश्न : आमच्या पगचं अंग हाताला गरम लागतं, नाक कोरडं. घरातली पॅरासिटामॉल अर्धी दिली तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं आणि नाक दिवसातून दहादा कोरडं-ओलं होतं, त्यावरून ताप कळत नाही. थर्मामीटर लावा. ऊन लागलेल्या कुत्र्याला तापाच्या गोळीचा उपयोग शून्य, यकृताला धोका मात्र खरा. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळी जीव घेते. ब्रुफेनही दोघांनाही नको. गरम दिवसांत गोचिड्या वाढतात, त्यांच्यामुळे येणारा ताप वेगळा. त्याला रक्ततपासणी लागते.

तुमचा पग मोठ्याने घोरतो, ते गोड वाटतं असं तुम्ही पुढे लिहिलंय. ते घोरणं म्हणजे श्वासाची वाट अरुंद असल्याचा आवाज आहे. नाकपुड्या फार चिमटलेल्या असतील तर छोट्या शस्त्रक्रियेने मोकळ्या करता येतात, डॉक्टरांना दाखवा. दुपारी घरी कोणी नसताना त्याला बाल्कनीत ठेवू नका. मोटारीत तर पाच मिनिटंही नको. काच चार बोटं खाली असली तरी आतलं तापमान दहा मिनिटांत दहा डिग्रीने चढतं.

प्रश्न : मी सहावीत आहे. आमच्या गल्लीत सहा कुत्री आणि दोन मांजरी आहेत. काळ्या कुत्रीला पिल्लं झाली आहेत. मला त्यांच्यासाठी पाणी ठेवायचं आहे. कोणत्या भांड्यात ठेवू? शेजारचे काका म्हणतात, डास होतील.
– नागपूर

उत्तर : बाळा, काका बरोबर बोलतात, आणि तूही. डास होऊ द्यायचे नसतील तर नुसतं पाणी बदलून भागत नाही. डेंग्यूचा डास भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवतो, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो. म्हणून रोज सकाळी पाणी झाडाला ओतायचं, नारळाच्या काथ्याने भांडं आतून घासायचं, मग भरायचं. हे तू काकांना करून दाखव.

भांडं सिमेंटचं किंवा मातीचं, पसरट आणि जड घे. स्टील आणि पत्रा उन्हात तापतो. आत एक दगड ठेव, त्यावर बसून चिमण्या आणि मधमाश्याही पाणी पितील, बुडणार नाहीत. ठेवायची जागा दुपारी एक वाजता जाऊन बघ. तेव्हा जिथे सावली असेल तिथे. सकाळची सावली बघून ठेवू नकोस. स्कूटरी वळतात तिथे नको. मांजरींचं भांडं वेगळं, कंपाउंडच्या भिंतीवर किंवा जिन्याखाली, कुत्र्यांना न पोचणारं. बाबा गाडी काढायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारायला आणि खाली वाकून बघायला त्यांना सांग, दुपारी सावलीसाठी सगळी तिथेच झोपतात.

कुत्र्याने चावलं किंवा ओरबाडलं तर लपवायचं नाही. साबणाच्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि आईला लगेच सांगायचं, रेबीजचं इंजेक्शन त्याच दिवशी.

काळ्या कुत्रीला पिल्लांना दूध पाजावं लागतं, म्हणून तिला इतरांपेक्षा खूप जास्त पाणी लागतं. तिच्यासाठी एक वेगळं भांडं ठेव. पिल्लांपासून चार पावलं लांब ठेव, तिच्याकडे रोखून बघू नकोस, आणि ठेवलं की हळूच मागे हो. तू लांब गेलास की ती येऊन पिईल.